सँडर स्वस्त, धूळ महाग!

बोहरी आळीतून छोटा सँडर आणला की धंदा सुरू, असं समजू नका. पेठांमधल्या जुन्या सागवानी दारांवर ऑइलपेंटचे थर असतात. घरगुती रंगातल्या शिशावर ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली २०१७ मध्ये. त्याआधीच्या रंगात शिसं बरंच जास्त असू शकतं. तो कोरडा घासला की विषारी धूळ घरभर, लहान मुलांच्या पोटातसुद्धा.

म्हणून माझं स्पष्ट मत: खिडक्या उघडून रंग आधी रिमूव्हरने काढा, मगच लाकडावर ८०, १२०, २२० नंबरचा पेपर. रिमूव्हर, चांगला मास्क, ओल्या फडक्याने सफाई, जास्तीचा दिवस, सगळं कोटेशनमध्ये धरा. दर कमी करायला सांगितला, तर कारण समजावा. पटलं तर काम, नाहीतर नमस्कार!