तिचं मृत्युपत्र कुठे आहे?

ब्रिटनमधल्या आपल्या मराठी मंडळातली बरीच जोडपी इथं घर घेतलं की सॉलिसिटरकडे जाऊन एकमेकांच्या नावे मृत्युपत्रं करून टाकतात. ठाण्याच्या फ्लॅटचा विषय निघाला की मात्र उत्तर ठरलेलं: ‘तिथं नॉमिनी आहे ना!’ माझं म्हणणं, भारतातल्या मिळकतीचं वेगळं मृत्युपत्र हवंच, आणि ते आधी घरातल्या बाईनं करावं.

आपल्यातल्या कितीतरी मुलींनी इथल्या पगारातून तिकडे आईवडिलांना राहायला फ्लॅट घेऊन दिला आहे, स्वतःच्या नावावर. उद्या ती मृत्युपत्र न करता गेली, तर हिंदू उत्तराधिकार कायदा, १९५६ प्रमाणे वारस कोण? मुलं आणि नवरा. ते नसतील तर नवऱ्याचे वारस. आईवडिलांचा नंबर त्यांच्यानंतर. मुलाच्या मागे त्याच्या आईला बायको-मुलांच्या बरोबरीनं हिस्सा मिळतो. मुलीच्या आईला मात्र रांगेत उभं राहावं लागतं. (बौद्ध, जैन आणि शीख कुटुंबांनाही हाच कायदा लागू आहे.)

२००९ साली सर्वोच्च न्यायालयाने निकाल दिलेलं ‘ओमप्रकाश विरुद्ध राधाचरण’ हे प्रकरण पाहा. नारायणी देवींचे पती लग्नानंतर तीनच महिन्यांत सर्पदंशाने गेले. सासरच्यांनी त्यांना घराबाहेर काढलं. माहेरच्यांनी शिकवलं, नोकरी लागली, बँकेत आणि भविष्य निर्वाह निधीत पैसा साठला. १९९६ मध्ये त्या मृत्युपत्र न करता वारल्या. पैसा त्यांनी स्वतः कमावलेला. तरी गेला सासरकडच्या वारसांना. सहानुभूतीवर वारसा ठरत नाही, असं न्यायालयाचं म्हणणं. कायदा बदलावा हे खरंच, पण तोवर एक सही केलेला कागद पुरला असता.

आता नॉमिनी. ‘कालनिर्णय’कार जयंत साळगावकर यांच्या ठेवी आणि म्युच्युअल फंडांवरून झालेल्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०२३ मध्ये स्पष्ट केलं की, नॉमिनेशनमुळे वारसाहक्क बदलत नाही. भावाला दिलेल्या मुखत्यारपत्राचीही तीच गत: देणारा गेला की ते संपलं.

‘आमच्यात कोणी भांडणारं नाही’ असंही ऐकू येतं. नसेलही. पण सोसायटीचे सेक्रेटरी आणि बँकेतला माणूस कागद मागतात, तुमच्या घरातला सलोखा नाही.

एक खोच इथल्या सॉलिसिटरकडे असते. त्यांच्या छापील मसुद्यात बहुधा पहिलंच कलम असतं, की याआधीची सगळी मृत्युपत्रं रद्द. भारतातलं आधी केलेलं असेल तर तेही त्यात जाऊ शकतं. म्हणून दोन्ही कागदांत ‘हे फक्त या देशातल्या मिळकतीपुरतं’ असं लिहून घ्यावं.

बाकी काम अवघड नाही. भारतात मृत्युपत्र साध्या कागदावर चालतं, मुद्रांक शुल्क लागत नाही, नोंदणी ऐच्छिक आहे, केलेली बरी. दोन साक्षीदार मात्र हवेतच, आणि ते आपल्यापेक्षा वयाने लहान असलेले पाहावेत. वडिलांच्या पंच्याऐंशीतल्या मित्राची सही भावनेला ठीक, पण वेळ आली तर कोर्टात सांगायला कोण उभं राहणार?