वाढदिवसाचे चित्रपुस्तक आणि घरातील आजी-आजोबा

सत्तरीपुढील रुग्णाचा केसपेपर लिहिताना जन्मतारीख विचारली, की '१ जून' हे उत्तर वारंवार ऐकू येते. शाळा जूनमध्ये सुरू होत. नाव दाखल करताना गुरुजी सोयीची तारीख लिहून घेत आणि तीच पुढे जन्मभर चिकटून राहत असे. खरा जन्म केव्हाचा, असे विचारले तर 'आषाढातला, धो धो पाऊस होता' किंवा 'शिमग्याच्या आदल्या दिवशीचा' असे सांगितले जाते. या पिढीच्या लहानपणी वाढदिवस म्हणजे तिथीला पाटावर बसवून केलेले औक्षण आणि वाटीभर खीर. केक, फुगे, मेणबत्त्या यांची ओळख बहुतेकांना पुढे नातवंडांमुळे झाली, कधी प्रत्यक्ष वाढदिवसाला, तर कधी त्यांच्या चित्रपुस्तकांत.

या चित्रपुस्तकांविषयी वैद्यकाच्या स्तंभात लिहिण्याचे कारण असे, की आजी-आजोबा आणि नातवंड यांनी मिळून वाचलेले एक साधे पुस्तक दोघांच्याही प्रकृतीस उपकारक ठरू शकते. मात्र ते कसे वाचावे आणि त्यापासून काय अपेक्षा ठेवू नये, हे माहीत असावे.

वाढदिवसावरील काही जुनी चित्रपुस्तके पाहिली तर एक गोष्ट लक्षात येते. मार्जोरी फ्लॅक यांचे 'आस्क मिस्टर बेअर' हे अमेरिकन पुस्तक १९३२ सालचे. त्यातील लहानग्या डॅनीला आईच्या वाढदिवसाला भेट द्यायची आहे. कोंबडी अंडे देऊ करते, हंसीण उशीसाठी पिसे, मेंढी लोकर. पण ते सारे आईकडे आधीच असते. शेवटी अस्वल त्याच्या कानात सांगते, की आईला घट्ट मिठी मार. शार्लट झोलोटोव्ह यांनी लिहिलेल्या आणि मॉरिस सेंडाक यांनी चित्रे काढलेल्या १९६२ सालच्या पुस्तकातही एक मुलगी सशाच्या मदतीने आईसाठी रंगीत फळांची टोपली भरते. दोन्हीकडे वाढदिवस मोठ्या माणसाचा आहे आणि मूल देणारे आहे. एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येतो, उत्तर तेवढे बदलते. ही पुनरावृत्ती तीन वर्षांच्या मुलाला आवडते, कारण पुढे काय येणार हे त्याला आधीच ठाऊक असते. ज्यांची स्मृती क्षीण होत आहे, अशा वडीलधाऱ्यांनाही तीच पुनरावृत्ती आधार देते. मागचे पान विसरले तरी गोष्ट हातची सुटत नाही.

मराठीत अशा वाचनासाठी माधुरी पुरंदरे यांची पुस्तके हाताशी आहेत. त्यांना २०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार मिळाला. त्यांच्या 'राधाचं घर' या संचात एक छोटी मुलगी आपल्या घरातील माणसांची ओळख करून देते. वाढदिवस हा त्याचा विषय नव्हे; परंतु नात्यांविषयी गप्पा सुरू करण्यास तो उत्तम आहे. 'स्टोरीवीव्हर' या संकेतस्थळावर मराठी चित्रगोष्टी विनामूल्य मिळतात व छापूनही घेता येतात. १८२८ पासूनच्या नगर वाचनालयाचा वारसा सांगणाऱ्या आपल्या रत्नागिरीत ग्रंथालयाची पायरी चढणे तर मुळीच अवघड नाही.

प्रथम मुलाचा लाभ पाहू. ग्रोव्हर व्हाइटहर्स्ट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८८ साली एक अभ्यास प्रसिद्ध केला. काही पालकांना महिनाभर वेगळ्या पद्धतीने पुस्तक वाचण्यास शिकवले गेले: केवळ वाचून दाखवायचे नाही, तर थांबून विचारायचे, मुलाच्या उत्तरात एक-दोन शब्दांची भर घालायची आणि त्यालाच गोष्ट सांगू द्यायची. या मुलांची भाषा नेहमीच्या पद्धतीने पुस्तक ऐकणाऱ्या मुलांपेक्षा पुढे गेलेली दिसली. अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१४ पासून अगदी तान्हेपणापासून मोठ्याने वाचून दाखवण्याची शिफारस केली आहे. या कामी आजी-आजोबांइतका योग्य माणूस घरात दुसरा नसतो. थांबत थांबत गोष्ट सांगण्याची सवय त्यांच्या अंगी असते.

आता ज्येष्ठांचा लाभ. येथे अतिशयोक्ती नको. चित्रपुस्तक वाचल्याने स्मृतिभ्रंश टळतो, असे कोणी सांगितल्यास विश्वास ठेवू नये. मात्र लॅन्सेट आयोगाने २०२४ साली स्मृतिभ्रंशाचा धोका वाढवणारे जे १४ बदलता येण्याजोगे घटक सांगितले, त्यांत एकटेपणा, बहिरेपणा आणि उपचार न केलेले दृष्टिदोष आहेत. नातवंडासोबतच्या वाचनात एकटेपणा कमी होतो आणि उरलेले दोन दोष उघडे पडतात. वार्धक्यातील बहिरेपणात उंच पट्टीचे आवाज आधी ऐकू येईनासे होतात आणि मुलांचा आवाज उंच पट्टीचा असतो. म्हणून 'आजी माझं ऐकतच नाही' ही नातवाची तक्रार हसण्यावारी नेऊ नये. कानांची तपासणी करून घ्यावी. पुस्तक हाती दिले की आजोबा दर वेळी 'चष्मा सापडत नाही' म्हणत असतील, तर मोतीबिंदूची शंका घ्यावी.

ज्या घरात स्मृतिभ्रंशाचा रुग्ण आहे, तेथे अधिक नाजूकपणा लागतो. 'म्हातारपण म्हणजे दुसरे बालपण' असे आपण सहज म्हणतो. वैद्यकीयदृष्ट्या आणि माणुसकीच्या दृष्टीनेही हे वचन अपुरे आहे. पंचाहत्तर वर्षांच्या बाई नावे विसरल्या तरी त्यांनी संसार केलेला असतो, माणसे जोडलेली असतात. आपल्याशी कोण कोणत्या स्वरात बोलते हे त्यांना कळते. त्यांच्या हाती चित्रपुस्तक देऊन 'वाचा पाहू' म्हणणे त्यांना लागू शकते. तेच पुस्तक 'आजी, हिला जरा दाखवता का?' असे म्हणून नातीसह मांडीवर ठेवले, तर त्या रुग्ण राहत नाहीत, वाचून दाखवणाऱ्या होतात.

दुसरे पथ्य परीक्षा न घेण्याचे. मुलाला 'हे काय आहे?' असे विचारणे योग्य, कारण ते शिकत आहे. स्मृती गमावणाऱ्या माणसाला 'हा कोण, ओळखा' असे विचारले तर उत्तर न सुचल्याचे दुःख तेवढे पदरी पडते. त्याऐवजी उत्तर आपणच आधी द्यावे: 'ही तुमची धाकटी बहीण. तुमच्या घरी वाढदिवसाला काय गोड करायचे?' अलीकडचे विसरले जात असताना बालपणीचे पुष्कळदा शिल्लक असते. रॉबर्ट बटलर यांनी १९६३ साली वृद्धांच्या आठवणी सांगण्यामागचे महत्त्व मांडले. त्यातून स्मरणरंजनाचे उपचार विकसित झाले. २०१८ मधील कॉक्रेन आढाव्यानुसार त्यांचा परिणाम लहान आणि सर्वत्र सारखा नसणारा आहे. औषधासारखा गुण येईल ही आशा नको. दुपारचा अर्धा तास आनंदात गेला, तर तेवढेही पुष्कळ आहे.

म्हणून एक सूचना करतो. गणपतीला मुंबई-पुण्याची मंडळी घरी आली, की आजीच्या वाढदिवसाचे चित्रपुस्तक घरातच तयार करावे. दहा-बारा पाने पुरेत. एका पानावर एकच छायाचित्र, त्यात चेहरा मोठा दिसावा. खाली एकच ओळ, ठळक काळ्या मोठ्या अक्षरांत, नातेसंबंध स्पष्ट करणारी. कागद चकचकीत नको. त्यावर दिव्याची तिरीप पडते. माहेरचे घर, लग्नाचा फोटो, पहिले मूल, औक्षणाचे ताट असा क्रम ठेवावा. जे दुःख आजही असह्य आहे, त्याचे चित्र टाळावे. चित्रे चिकटवण्याचे काम नातवंडांना द्यावे. वाचन सकाळी, उजेडात, दूरदर्शन संच बंद ठेवून, पंधरा-वीस मिनिटेच करावे. कंटाळा किंवा चिडचिड दिसताच पुस्तक मिटावे. तेवढ्या वेळात सांभाळ करणाऱ्या सुनेने किंवा मुलीने स्वतःचा चहा निवांत प्यावा. तीही विश्रांतीची हक्कदार आहे.

एक इशारा मात्र विसरू नये. कालपर्यंत गोष्ट सांगणारे आजोबा एक-दोन दिवसांत एकाएकी गोंधळले, असंबद्ध बोलू लागले किंवा गुंगीत गेले, तर ते 'वयामुळे' नव्हे. लघवीचा किंवा फुप्फुसाचा संसर्ग, रक्तातील सोडियम कमी होणे, एखादे नवे औषध अशी कारणे असतात व त्यांवर उपचार असतात. बोलता बोलता तोंड वाकडे झाले किंवा शब्दच फुटेना, तर पक्षाघात समजून तत्काळ रुग्णालय गाठावे. हळूहळू वाढणाऱ्या विसराळूपणातही थायरॉइड आणि ब-१२ जीवनसत्त्वाची तपासणी व्हावी.

आपल्याकडे सहस्रचंद्रदर्शनाचा सोहळा असतो. दोन पौर्णिमांमधील अंतर सुमारे साडेएकोणतीस दिवसांचे. अशा हजार पौर्णिमा पाहायला ८० वर्षे आणि सुमारे १० महिने लागतात. इतक्या पौर्णिमा पाहिलेल्या माणसाला आपली खरी जन्मतारीख ठाऊक नसेलही. घरच्यांनी तिथी शोधावी, न सापडल्यास १ जूनच धरावा. पण त्या दिवशी पाट मांडावा, निरांजन लावावे आणि ताटाशेजारी ते घरचे पुस्तक ठेवावे. पहिले पान नातीने उलटावे, दुसरे आजीने.