ढाकळीचं गाणं कुठं हाय?

१४ एप्रिलला अमरावतीच्या इर्विन चौकात उभा होतो. डीजेच्या भिंतीपुढं, कानात बोटं घालून. पोट्टे बेभान. एक गाणं संपलं नाही तर दुसरं. सगळी नवीकोरी, जयंतीच्या तोंडावर युट्यूबवर सोडलेली. 'सिंगल' म्हणतात म्हणे. बाजूच्या पोराला विचारलं, "काय सांगून राह्यलं गाणं?" तो म्हणे, "काका, बेस आइका ना!"

ऐकला बाप्पा. छातीत घुमला. डोक्यात काही गेलं नाही.

नाचाशी माझं भांडण नाही. ज्याच्या आज्याला पाटलाच्या वाड्यापुढून चपला हातात घेऊन जावं लागलं, तो भर चौकात नाचतो. यातलं सुख ज्यांना कळत नाही त्यांनी खुशाल ध्वनिप्रदूषणावर लेख लिहावेत. माझं भांडण त्या 'सिंगल'शी आहे.

भीमगीत एकट्याचं कधी नव्हतंच. भीमराव कर्डकांचा जलसा म्हणजे अख्खा ताफा. पुढं वस्तीवस्तीत गायन पार्ट्या झाल्या. कव्वालीचा दुय्यम सामना लागायचा. पेटी, ढोलक, बेंजो, मागं कोरस. एका पार्टीनं सवाल टाकायचा, दुसरीनं तो पहाटेपर्यंत फेडायचा. अडली की फजिती, म्हणून गायकाला वाचावं लागे, निदान वाचणाऱ्याजवळ बसावं लागे. चवदार तळं काय, पुणे करार काय, शाळेचं तोंड न पाहिलेल्या आमच्या मायांनी तिथं पाठ केलं. वामनदादा कर्डक स्वतः मोठेपणी अक्षर शिकले. १९४३ पासून २००४ ला जाईपर्यंत हजारो गाणी लिहीत, गात गावोगाव फिरले.

मग तवा आला. एका बाजूला तीन-साडेतीन मिनिटं. त्यात सवाल मावेल, पण जवाब कुठं बसवता? उरली ती स्तुती. प्रल्हाद शिंदेंचा आवाज त्या तव्यानंच घरोघर नेला, हे कबूल. त्यांनी विठ्ठलाचीही गाणी गायली म्हणून आपले काही शुद्ध लोक नाकं मुरडत. काहून? त्यांची चूल तुम्ही पेटवत होता? कॅसेट आली, आनंद-मिलिंद आले, 'नवीन पोपट हा'वर सगळ्या जातींच्या वराती नाचल्या. तेव्हा गाणाऱ्याला दोष देऊ नका. कंपनी तेच छापते जे नाशकात, नांदेडात आणि अकोल्यात सारखंच खपते. आणि घेणारे कोण? आपणच.

पण सारखं खपणाऱ्या गाण्यात गावाचं नाव येत नाही. नोव्हेंबर १९२७ ला याच अमरावतीत अंबादेवीच्या मंदिर प्रवेशासाठी परिषद भरली, अध्यक्ष खुद्द बाबासाहेब. इर्विन चौकातून अंबादेवी किती लांब? नाचणाऱ्यांपैकी किती जणांना ठाऊक? १९७४ साली अकोला जिल्ह्यातल्या ढाकळीत गवई बंधूंचे डोळे काढले. पोरीवरच्या अन्यायाचा जाब विचारला, एवढाच गुन्हा. पँथर त्या आंधळ्या भावांना घेऊन थेट इंदिरा गांधींपर्यंत गेले. त्या डोळ्यांचं गाणं मी तरी एकाही डीजेवर ऐकलं नाही. कोट, टाय, गाडी, रुबाब यांची मात्र शंभर ऐकली. बाबासाहेबांचा कोट आपल्याला दिसतो, कोटाच्या खिशातला पेन दिसतो, त्या पेनानं काय लिहिलं ते इचारू नका!

कोणी म्हणेल, पोरांना असलं रडकं नको. रडकं कोण म्हणते? दुय्यम सामन्यात लोक पोट धरून हसत, पैसे उधळत, आणि घरी जाताना भांडत जात. माझ्या वस्तीत कोरसमध्ये टाळी देणारा एक म्हातारा अजून आहे. म्हटलं, आजा, पुन्हा बसायचं का? म्हणे, "बसतो नं. पण सवाल कोन टाकीन?"

सवाल मी लिहून ठेवला आहे, ढाकळीचाच. येत्या ६ डिसेंबरला, ज्यांना दादरला जाणं जमत नाही त्यांनी अकोल्याला अशोक वाटिकेजवळ यावं. पेटी मी आणतो. ढोलक कोणापाशी असेल तर कळवा.