दम मोजला, मान राहिली

आमच्या डेस्कवर इंटर्नच्या वाट्याला हमखास येणारं एक काम म्हणजे 'सायन्सची छोटी चौकट'. शंभर शब्द, एक फोटो आणि शेवटी उद्गारचिन्ह. 'हवेतून पाणी काढणारे स्फटिक!' 'कमी पाण्यात येणारा भात!' 'डोक्यावर ओझं, तरी थकवा नाही!' या तिन्ही चौकटी मी स्वतः लिहिल्यात, त्यामुळे पुढची तक्रार आधी माझ्याविरुद्धच आहे असं समजा.

झालं असं, की तिसरी चौकट छापून आल्यावर मी मामाकडे गेले. मामाचं गाव शहापूर तालुक्यात. मुंबईकरांना शहापूर नकाशावर दाखवता येईलच असं नाही, पण भातसा आणि तानसा ही नावं त्यांच्या नळाशी जोडलेली आहेत. धरणं या तालुक्यात आणि उन्हाळ्यात टँकरची वाटही याच तालुक्यातले पाडे बघतात. मामाच्या अंगणात नळ आहे. त्याला पाणी अजून आलेलं नाही, मामी त्यावर टॉवेल वाळत घालते. पाणी येतं ओढ्याजवळच्या विहिरीवरून, डोक्यावर चुंबळ आणि चुंबळीवर दोन हंडे असं.

मी मामीला पेपर दाखवला. तिनं चौकट वाचली आणि हसली. "दम नाय लागत गं बाय," ती म्हणाली, "मान धरते."

त्या वाक्यानं माझी चौकट उलटीपालटी झाली. परत येऊन मूळ संशोधन शोधून वाचलं. छापायच्या आधी वाचायला हवं होतं, मान्य.

१९८६ मध्ये 'नेचर'मध्ये एक छोटा निबंध आला होता. केनियातल्या लुओ आणि किकुयू समाजाच्या बायकांना ट्रेडमिलवर चालवून त्या किती ऑक्सिजन वापरतात ते मोजलं होतं. स्वतःच्या वजनाच्या सुमारे २० टक्क्यांपर्यंत ओझं डोक्यावर असेल, तर त्यांना जास्तीची ऊर्जा लागत नव्हती. त्यापुढे मात्र ओझं वाढेल तशी ऊर्जाही वाढत होती. कारण १९९५ मध्ये सापडलं. चालताना आपलं शरीर उलट्या लंबकासारखं वर-खाली होतं. वर जाताना साठलेली ऊर्जा खाली येताना पुढच्या पावलाला मिळते, पण सगळी नाही, काही वाया जाते. या बायका ओझ्याखाली असताना ती कमी वाया घालवत होत्या. लहानपणापासूनच्या सवयीनं त्यांच्या चालीत मुरलेलं कौशल्य होतं ते. सुंदर शोध आहे, यात वाद नाही.

पण '२० टक्के' हा आकडा बातमीत येईपर्यंत गळून पडतो. आमच्याही पडला. म्हणून यावेळी भाताची पोती तोलायचा मामाचा काटा काढला. मोठा हंडा पाण्यासकट १७ किलो, वरचा छोटा ११. एकूण २८. मामीचं वजन ४६. म्हणजे तिच्या वजनाच्या ६० टक्क्यांहून जास्त ओझं, आणि 'फुकटात' वाहता येईल ते जेमतेम ९ किलो. नुसता छोटा हंडा घेतला तरी ती मर्यादा ओलांडली जाते. शिवाय ते प्रयोग सपाट पृष्ठभागावरचे होते, विहिरीची पायवाट सपाट नाही. रिकामे हंडे उतारावरून न्यायचे आणि भरलेले चढावरून आणायचे.

२०१० मध्ये रे लॉइड आणि सहकाऱ्यांनी दक्षिण आफ्रिकेतल्या झोसा बायकांवर हाच प्रयोग पुन्हा केला. सरसकट ऊर्जा वाचते असं त्यांना आढळलं नाही. बाईगणिक फरक खूप होता. आणि त्यांनी आणखी एक गोष्ट केली, कुठे दुखतंय ते बायकांनाच विचारलं. उत्तर आलं, मान. लिम्पोपो प्रांतात पाणी वाहणाऱ्यांशी बोलून झालेल्या एका छोट्या अभ्यासातही मान आणि पाठ दुखण्याच्याच तक्रारी होत्या. म्हणजे आधीच्या शास्त्रज्ञांनी चूक केली नव्हती. त्यांनी दम मोजला आणि दमाचं उत्तर बरोबर आलं. मानेबद्दल प्रश्नच नव्हता.

आता उरलेल्या दोन चौकटींकडे बघू.

२०२५ चं रसायनशास्त्राचं नोबेल सुसुमू कितागावा, रिचर्ड रॉब्सन आणि ओमार याघी या तिघांना मिळालं, मेटल ऑर्गॅनिक फ्रेमवर्कसाठी. इमारतीभोवती परांची बांधतात ना, तशी रचना असलेले हे स्फटिक. सांध्यावर धातूचे अणू, मधल्या बांबूंच्या जागी कार्बनी रेणू आणि बाकी सगळी पोकळी. या पोकळीत रात्रीच्या हवेतलं बाष्प जाऊन बसतं. दिवसा उन्हानं तापलं की बाहेर पडतं, ते थंड केलं की पाणी. याघी स्वतः अम्मानमध्ये निर्वासित कुटुंबात वाढले. एका खोलीत माणसं आणि जनावरं, घरात वीज नाही, नळ नाही. पण ते पाण्यासाठी या क्षेत्रात आलेच नव्हते. दहा वर्षांचे असताना शाळेच्या लायब्ररीत रेणूंची चित्रं दिसली आणि ती आवडली, एवढंच. त्यामुळे प्रत्येक शास्त्रज्ञानं आधी विहिरीवर जाऊन यावं असा माझा हट्ट नाही.

हट्ट आहे तो हिशेबाचा. कॅलिफोर्नियाच्या मोहावी वाळवंटात त्यांच्या गटानं चालवलेल्या यंत्रानं एक किलो स्फटिकामागे दिवसाला ०.७ लिटर पाणी दिलं. कोरड्या वाळवंटातून निघालेलं हे पाणी थक्क करणारंच आहे. पण मामीचा १५ लिटरचा एक हंडा भरायला असे २१ किलोहून जास्त स्फटिक लागतील. जल जीवन मिशनचं माप आहे माणशी दिवसाला ५५ लिटर. पाच जणांच्या घराला २७५. भागाकार तुम्हीच करा. 'हवेतून पाणी!' वाचून पाड्यावरचा प्रश्न सुटत आला असं कुणाला वाटलं असेल, तर तो दोष आमच्या उद्गारचिन्हाचा.

भाताचं तसंच. मे २०२५ मध्ये भारतीय कृषी संशोधन परिषदेनं जनुक संपादनातून घडवलेले भाताचे दोन वाण जाहीर केले. त्यातल्या 'पुसा डीएसटी राइस १' मध्ये एक जनुक निकामी केलंय. त्यामुळे पानावरची रंध्रं कमी होतात, बाष्प कमी उडतं, खारट जमीनही रोप जास्त सोसतं. बाहेरचं जनुक घातलेलं नाही. चाचण्यांच्या आकड्यांवर जीएम-विरोधी गटांनी आक्षेप घेतला, परिषदेनं तो फेटाळला. तो वाद चालू राहील आणि चालायलाही हवा. माझ्या डोक्यात राहिलं ते वेगळंच. रोपातून किती पाणी उडतं हे आपण रंध्रं मोजून सांगू शकतो. एका घरासाठी एक बाई दिवसात किती किलो वजन, किती चढावर, किती वेळा नेते, हे मात्र मामाच्या गावात कुणी मोजलेलं नाही. आणि हे मोजायला प्रयोगशाळा लागत नाही.

मग कोण मोजणार? मला वाटतं, आपण. एनएसएसचं सात दिवसांचं शिबिर गावातच असतं. रस्ता झाडतो, भिंती रंगवतो, शेवटच्या रात्री पथनाट्य करतो, त्यात 'पाणी वाचवा' असं त्यांनाच सांगतो ज्यांनी ते डोक्यावरून आणलेलं असतं. त्यातला एक दिवस काढा. एक काटा, अंतर आणि चढ दाखवणारा फोन आणि एक वही. प्रत्येक खेपेचं वजन, अंतर, चढ, दिवसातल्या खेपा, आणि कुठे दुखतं हा प्रश्न. फिजिओथेरपीची मुलंमुली सोबत असतील तर उत्तमच. ही वही ग्रामसभेत द्या आणि एक प्रत आमच्याकडे पाठवा. घरोघरी नळाची मुदत आधी २०२४ होती, आता २०२८ पर्यंत गेली आहे. 'नळजोडणी झाली' या नोंदीशेजारी रोज किती किलो डोक्यावरून येतंय हा आकडा असला, तर टॉवेल वाळत घातलेला नळ कागदावर तरी चालू दिसणार नाही.

मामाच्या गावापासून सुरुवात मी केली आहे. फक्त एक खेप मोजून झाली. दुसऱ्या खेपेला मामी म्हणाली, काटा बाजूला ठेव आणि हा छोटा हंडा तू घे. विहिरीपासून अर्ध्या वाटेवर मी तो खाली ठेवला.