सातबारा म्हणजे मालकी नव्हे

शेत संपादनांत गेलें, मोबदला हातीं आला, कीं दुसऱ्याच दिवशीं दलाल ओट्यावर येऊन बसतो. "सातबारा मालकाच्या नांवावर आहे, दस्त रजिस्टर होणार, जमिनीचा भाव कधीं उतरत नाहीं, मग भय कसलें?" आमचे शेतकरी व कारागीर बांधव हें ब्रह्मवाक्य मानून पिढीची पुंजी मोजून देतात.

आम्ही विचारतों, सातबारा कशासाठीं असतो? मुख्यतः सारावसुलीसाठीं. १९६६ च्या जमीन महसूल संहितेप्रमाणें त्यावरील नोंद उलट शाबीत होईपर्यंतच खरी धरतात. मालकीचा निकाल दिवाणी कोर्टाचा. सब-रजिस्ट्रार दस्त नोंदवितो, मालकीची हमी देत नाहीं. 'इतर हक्क' हा रकाना तर फारसा कोणी वाचीतच नाहीं. सोसायटीचा बोजा, कुळ, बहिणींचीं नांवें, असलीं तर बहुधा तेथेंच सांपडतात. १९४७ च्या तुकडेबंदी कायद्यामुळें गुंठ्या-गुंठ्यानें घेतलेल्या कित्येक जागांच्या नोंदी वर्षानुवर्षें अडून राहिल्या.

आणि भाव? विकावयास निघाल्यावर गिऱ्हाईक किती महिन्यांनीं येतें, हें दलाल सांगत नाहीं. बैल घेतांना आपण दांत मोजतों. जागा घेतांना निदान तीस वर्षांचे फेरफार काढा, आपल्या वकिलास दाखवा (दलालाच्या नव्हे), आणि इसार त्यानंतर द्या.