माणूस बेपत्ता झाला, तर गावाची जबाबदारी काय?

रेती, खाण किंवा जमिनीच्या व्यवहाराविरुद्ध अर्ज करणारा एखादा माणूस प्रत्येक गावात असतोच. ग्रामसभेत तो प्रश्न विचारतो, तहसील कार्यालयात खेपा घालतो, माहितीच्या अधिकारात कागद मागतो. उद्या हा माणूस घरी परतला नाही, तर गाव काय करील? पहिले दोन दिवस बहुतेक जण म्हणतील, "गेलो असतलो खंय तरी, येतलो." पुढे वर्षानुवर्षे मोर्चे काढूनही जे हाती लागत नाही, ते बहुधा याच दोन दिवसांत निसटलेले असते.

शेजारच्या गोव्याचे उदाहरण घ्या. फादर बिस्मार्क डायस हे धर्मगुरू तिसवाडीतील वांशी बेट वाचवण्यासाठी झगडत होते. बेटावरची जमीन विकली गेली होती आणि तिथे हॉटेल, गोल्फ मैदान यांचा प्रकल्प येणार होता. बेटावरच्या शेतकऱ्यांची आणि मच्छीमारांची बाजू घेऊन फादर उभे राहिले. ५ नोव्हेंबर २०१५ च्या रात्री ते बेपत्ता झाले. ७ तारखेला सांत इस्तेव येथे मांडवी नदीत त्यांचा मृतदेह मिळाला.

पोलिसांचा कल बुडून मृत्यू झाला असे मानण्याकडे होता. घरच्यांचे आणि समर्थकांचे म्हणणे होते, हा घातपात आहे. पणजीत मेणबत्त्या घेऊन लोक रस्त्यावर आले आणि खुनाचा गुन्हा नोंदवून तपास करावा म्हणून लढा न्यायालयात गेला. आजपर्यंत या प्रकरणात कोणालाही शिक्षा झालेली नाही. अपघात की घातपात, हे ठरवणे आपले काम नव्हे. पण प्रकरण सुरुवातीला अपघात म्हणून कागदावर गेले, की तो शब्द बदलून घेण्यासाठी घरच्यांना किती झिजावे लागते, हे यातून कळते.

आता आपल्या कोकणातले राजापूर पाहा. ६ फेब्रुवारी २०२३ रोजी पत्रकार शशिकांत वारिशे यांच्या दुचाकीला गाडीने धडक दिली. दुसऱ्या दिवशी त्यांचा मृत्यू झाला. हेही "अपघात" म्हणून मिटले असते. पण रिफायनरीच्या वादातली त्यांची बातमी त्याच दिवशी छापून आली होती आणि ज्याच्याविषयी ती होती, तोच गाडी चालवत असल्याचा आरोप झाला. पत्रकारांनी राज्यभर आवाज उठवला. खुनाचे कलम लागले, विशेष तपास पथक नेमले गेले. निषेध दोन्हीकडे झाला. फरक हा, की राजापुरात छापलेला कागद पहिल्याच दिवशी हातात होता.

कायदा काय सांगतो?

अनेकांचा समज असा, की तक्रार द्यायची ती घरच्यांनी आणि खबर द्यायची ती पोलीस पाटलाने. बाकीच्यांचे काय जाते? हा समज चुकीचा आहे. फौजदारी प्रक्रिया संहितेच्या जुन्या कलम ४० मध्ये गावाच्या कारभाराशी संबंधित प्रत्येक अधिकाऱ्यावर आणि गावात राहणाऱ्या प्रत्येकावर एक कर्तव्य टाकले होते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३४ मध्ये ते कायम आहे. गावात संशयास्पद मृत्यू झाला, मृतदेह सापडला किंवा गंभीर गुन्ह्याचा संशय यावा अशा रीतीने कोणी नाहीसा झाला, तर ताबडतोब जवळच्या पोलीस ठाण्याला किंवा दंडाधिकाऱ्याला कळवलेच पाहिजे. पंचायत सदस्यही यात आले.

तेव्हा सरपंच, पोलीस पाटील, ग्रामसेवक यांनी पुढील गोष्टी लक्षात ठेवाव्यात.

चोवीस तास थांबा, असा नियम कुठेही नाही. लगेच लेखी खबर द्या आणि पोच घ्या. गुन्ह्याची माहिती असेल तर हद्दीचे कारण सांगून परत पाठवता येत नाही. कोणत्याही ठाण्यात ती नोंदवावी लागते.

त्या माणसाने कोणाविरुद्ध, कधी अर्ज केले, धमकी आल्याचे कोणाला सांगितले, शेवटचा कोणाला दिसला, हे त्याच दिवशी तारीख-वेळेसह लिहून काढा. अर्जांच्या प्रती घरातल्या ट्रंकेत एकाच ठिकाणी नकोत. दुसऱ्या विश्वासू माणसाकडेही एक संच हवा.

मृतदेह मिळालाच, तर पंचनाम्याला गावातलेच पंच लागतात. वाचल्याशिवाय सही करू नका. अंगावरच्या खुणा, कपडे, चपला, पाण्याची पातळी, जे दिसले ते लिहिले गेले आहे का ते बघा. पुढे कोर्टात वकील त्याच कागदावर बोट ठेवतो.

बेपत्ता माणसाला कोणी बेकायदा डांबले असल्याचा संशय असेल, तर हायकोर्टात हेबियस कॉर्पस अर्ज करता येतो. ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला हायकोर्टाचे सर्किट बेंच सुरू झाल्याने सिंधुदुर्गाला त्यासाठी मुंबई गाठावी लागत नाही.

मोर्चानंतर काय?

गावाने निषेधाचा ठराव करावा, मोर्चा काढावा. पण तो पांगल्यावर फाईल कोण बघणार, हे आधीच ठरवा. तळेगाव दाभाडेचे माहिती अधिकार कार्यकर्ते सतीश शेट्टी यांचा १३ जानेवारी २०१० रोजी खून झाला. तपास सीबीआयकडे गेला, तरीही न्याय मिळालेला नाही. मोठी यंत्रणा आली म्हणून गावाने हात झटकून चालत नाही. दोन-तीन जणांची नावे ठरवून दर महिन्याला तपासाची स्थिती लेखी विचारत राहावे.

मालवण तालुक्याला हा विषय परका नाही. तोंडवळी-वायंगणीच्या सी-वर्ल्ड प्रकल्पाला गावकऱ्यांनी विरोध केला, खाडीतल्या रेतीवरून तंटे होतात. असा प्रश्न काढणारा गावाला अनेकदा नकोसा वाटतो. "तेका कित्या होयी ह्या सगळा?" असे आपणच म्हणतो. एकटा पडलेला माणूसच सोपे लक्ष्य असतो. त्याचे म्हणणे पटो वा न पटो, तो संध्याकाळी घरी आला की नाही, याची चौकशी मात्र गावाने केलीच पाहिजे.