सावलीने दाखविलेली उत्तर दिशा

शाळेला दुर्बीण भेट देण्याचा मानस काही माजी विद्यार्थ्यांनी बोलून दाखविला आहे. त्याचे मनःपूर्वक स्वागत करून एक सूचना करतो. दुर्बीण येण्यापूर्वी वसतिगृहाच्या मागील अंगणात एक सरळ काठी रोवावी.

दुर्बिणीच्या विषुववृत्तीय बैठकीचा एक अक्ष खगोलीय ध्रुवाकडे रोखावा लागतो. तो अचूक बसला की सरकणारा तारा एकाच अक्षाभोवती दुर्बीण फिरवून नजरेत ठेवता येतो. ध्रुवतारा यासाठी उपयोगी खरा. परंतु नागपूरच्या अक्षांशावर तो क्षितिजापासून सुमारे 21 अंशच वर असतो. झाड वा इमारत आड आली की तो दिसत नाही. होकायंत्र चुंबकीय उत्तर दाखविते आणि जवळ लोखंड असल्यास तेही बिघडते.

मीही एकदा चुकलो आहे. घड्याळातील बाराच्या सावलीवरून उत्तर ठरविली आणि रात्री मुलांना दाखविताना शनी पुनःपुन्हा नजरेआड होऊ लागला. आपले घड्याळ 82.5 अंश पूर्व रेखावृत्ताची वेळ सांगते. त्यामुळे खरी मध्यान्ह नागपुरात सरासरी 14 मिनिटे, तर मुंबईत 39 मिनिटे उशिरा होते, हे मी विसरलो होतो.

सावलीची खरी रीत घड्याळावाचूनच चालते. ओळंब्याने काठी उभी करावी व तिच्या बुंध्याभोवती वर्तुळ काढावे. सकाळी सावलीचे टोक वर्तुळाला जेथे स्पर्श करील तेथे खूण करावी, दुपारनंतर पुन्हा करील तेथे दुसरी. दोन्ही खुणा जोडणारी रेषा पूर्व-पश्चिम होय. हिवाळ्यात बुंध्यापासून तिच्या मध्यबिंदूकडे जाणारी रेषा उत्तर दाखविते. दोन-तीन वर्तुळे काढून त्यांच्या रेषा समांतर येतात का, हे मुलांनीच पडताळावे. डिसेंबरच्या 22 तारखेच्या आसपास ही रीत उत्तम साधते. मग अक्ष त्या रेषेवर ठेवून स्थानिक अक्षांशाइतका कलवावा. दिवसा मात्र दुर्बिणीचे झाकण काढू नये. तिच्यातून सूर्याकडे पाहिल्यास डोळा कायमचा जातो.

कुणी म्हणेल, मोबाइल क्षणात उत्तर दाखवितो, मग दिवसभर उन्हात कशाला बसायचे? मोबाइलचे उत्तर मूल मान्य करते; सावलीचे उत्तर ते स्वतः तपासते. ही तपासण्याची सवय आपल्या मुलांना अधिक आवश्यक आहे, असे माझे मत आहे.

त्याचे कारण इतिहासात आहे. मराठे व पेशवे यांच्या राजवटीत महार-मांगांना सकाळी नऊपूर्वी आणि दुपारी तीननंतर पुण्याच्या वेशीच्या आत येण्यास मज्जाव होता, कारण त्या वेळी त्यांच्या सावल्या लांब पडत, असे गो. स. घुर्ये यांनी नोंदविले आहे. सावली केव्हा लांब व केव्हा आखूड हे त्या समाजालाही ठाऊक होते. ते ज्ञान माणसाला बाहेर ठेवण्यासाठी वापरले गेले. आज साधारण त्याच वेळांना आपल्या मुलामुलींनी अंगणात वाकून वर्तुळावर खुणा कराव्यात आणि त्या सावलीतून दिशा काढावी.

दुर्बीण अवश्य यावी. तिची जागा मात्र आपल्या मुलांनी आखलेल्या रेषेवर असावी. ती रेषा सिमेंटमध्ये कायम करण्याचा खर्च फारसा नाही. हवा आहे तो एक मोकळा, उन्हाचा दिवस आणि मुलांसोबत बसणारा एक शिक्षक. तो दिवस वेळापत्रकात राखून ठेवावा, ही विनंती.